थंडीच्या सुट्टीत घरच्यांना पक्षी दाखवायला न्यायचंय?

थंडीची सुट्टी लागली की प्रत्येक पक्षीवेड्याला अचानक कुटुंबप्रेमाचं भरतं येतं. तुम्ही त्यातलेच असाल (नाहीतर हे वाचत कशाला बसला असतात) तर घरच्यांना न्या, जरूर न्या, फक्त जरा पद्धतशीर न्या.

आधी सगळ्यांना मिट्ट काळोखात उठवा. पाहुणी बदकं दिवसभर तिथेच पाण्यावर बसलेली असतात, आरामात दहाला गेलं तरी दिसतात, हे अजिबात बोलायचं नाही. मुलं कुरकुरली की गॉडविट या स्थलांतरी पक्ष्याचा विषय काढायचा. २०२२ मध्ये एक गॉडविट, तोही जेमतेम पाच महिन्यांचा, अलास्काहून निघाला तो ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियातच उतरला, मधे कुठे थांबला म्हणून नाही, आणि तुला मेलं गाडीपर्यंत चालवत नाही? कोणी म्हणालंच की त्याला पहाटे कोणी हलवून उठवलं नव्हतं, तर ऐकलं नाही असं दाखवा.

बायनॉक्युलर एकच न्यायचा. तो आधी तुमच्या डोळ्यांना, मग तुमच्या डोळ्यांना, आणि पक्षी उडाला की घरच्यांना. देताना दोन नळ्यांमधलं अंतर मुलांच्या डोळ्यांप्रमाणे कमी करून देऊ नका, उजव्या डोळ्याची रिंग तुमच्याच नंबरवर ठेवा, आणि चष्मेवाल्यांनी आयकप (डोळ्यांना टेकणाऱ्या रबरी कडा) खाली करायचे असतात ही तर घराण्याची गुप्त विद्याच समजा. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा आणि नजर न हलवता बायनॉक्युलर वर आणायचा, एवढं जर कुणाला कळलं तर पोरांना खरंच पक्षी दिसायला लागतील आणि मग तो परत मिळणं विसरा. त्यांना काळे गोल आणि स्वतःच्या पापण्या दिसल्या की "दिसला ना? दिसला ना?" असं दरडावून विचारा, तीन वेळा विचारलं की माणूस हो म्हणतोच. वर बायनॉक्युलरवर लिहिलेलं ८ बाय ४२ म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची, हे तेवढ्यात समजावून टाका, म्हणजे दुसरा पक्षीही जाईल.

जागा सांगताना बोट दाखवून "अरे तो काय, त्या झाडावर!" एवढंच म्हणा. जंगलात झाड एकच असतं.

सापडलेला पक्षी कुणाला आवडला तर लगेच सावध व्हा. मुलगी खंड्याचा निळा रंग बघून हरखली तर "हॅ, हा तर कॉमन आहे" म्हणायचं आणि तिला चिखलात धावणाऱ्या मातकट तुतवारांपुढे उभं करायचं, ज्यांच्यात फरक काय तर पायांचा रंग, आणि पाय चिखलात. तिने मोबाईलवर मर्लिन लावून आवाजावरून पक्षी तुमच्याआधी ओळखला तर ॲप चुकतं असं सांगा. चुकतं कधीकधी, त्यामुळे खोटंही नाही.

कोणी विचारेल की ही सुट्टीत पक्षी मोजायची खोड काढली कुणी, तर अमेरिकेतल्या फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञाचं नाव सांगा. त्याआधी अमेरिकेत नाताळला टोळ्या करून बंदुका घेऊन निघायचे आणि जास्त पक्षी मारेल तो जिंकला असा खेळ होता, १९०० साली हा म्हणाला मारण्यापेक्षा मोजूया, आणि पहिल्याच नाताळला २७ जण मोजायला निघाले. ते घरच्यांना घेऊन गेले होते का, हा विषय मात्र निघू देऊ नका.

आणि फोटो. एवढी मोठी लेन्स आणलीय तर बायकामुलांचे फोटो काढून ती वाया घालवू नका, तसंही एवढ्या जवळचं माणूस तिच्यात मावत नाही.

हे सगळं नीट जमलं तर पुढच्या डिसेंबरात घरचे आपणहून म्हणतील, तू जाऊन ये बाबा, आम्ही झोपतो. त्यावर लगेच हसू नका. जरा उदास चेहरा करा, "बघा हं, तुम्ही मिस कराल" म्हणा, आणि कुणाचा विचार बदलायच्या आत गाडी काढा.