संचारबंदी लागली? आदेश तेवढा वाचू नका

संचारबंदी लागली की सगळ्यात आधी एक पथ्य पाळायचं: आदेश वाचायचा नाही. आदेश म्हणजे तो दोन-तीन पानी कागद. वर जावक क्रमांक आणि तारीख, खाली जिल्हाधिकाऱ्यांची नाहीतर पोलीस आयुक्तालयातल्या अधिकाऱ्याची सही. कुठल्या हद्दीत, किती वाजेपर्यंत, कशाला मुभा आणि कशाला नाही, हे सगळं त्यात असतं. एकदा ते वाचलं की पुढच्या चर्चेतली गंमतच जाते. त्यापेक्षा चौघांनी कोपऱ्यावर उभं राहून ‘दूध चालू आहे का हो?’ असं एकमेकांना विचारावं. तेवढ्यात पाचवा आला तर जमावबंदीही मोडते, म्हणजे एका खेपेत दोन कामं.

जमावबंदी आणि संचारबंदी यांत फरक आहे म्हणे. पहिलीत पाच किंवा अधिक जणांनी एकत्र यायचं नाही, दुसरीत कारणाशिवाय घराबाहेरच पडायचं नाही. दोन्ही निघतात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या त्याच जुन्या १४४ कलमातून. जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं आहे. तुम्ही आपलं ‘१४४ लागलंय’ एवढंच म्हणा आणि चेहरा गंभीर करा.

माहिती हवीच असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरून घ्या. तिथे आदेश निघायच्या दोन तास आधी आदेश येतो. ‘कलेक्टर ऑफिसातून आत्ताच कळलंय, उद्यापासून किराणासुद्धा बंद’ असा घोगऱ्या आवाजातला निरोप आला की शहानिशा करत बसू नका, लगेच सगळ्या ग्रुपवर टाका आणि पिशवी घेऊन आधी स्वतः पळा. दुकानातली साखर आपल्यामुळे संपली, हे समाधान वेगळंच. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या ५४ व्या कलमात आपत्तीबद्दल खोटी घबराट पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड सांगितलाय. पण वर ‘जसं आलं तसं पाठवतोय’ असं लिहिलं की कायदा आल्या पावली परत जातो, अशी आपली श्रद्धा आहे.

आता मुख्य विषय. तुम्ही सोसायटीत राहत असाल तर जिल्हाधिकारी, आयुक्त, महापालिका या मंडळींची तुम्हाला गरजच नाही. तुमच्याकडे चेअरमन आहेत.

कोरोनाच्या टाळेबंदीत लिफ्टमध्ये आरशाशेजारी चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून डकवलेली ती नोटीस आठवा. कामवाल्या बायकांना प्रवेश बंद. पेपर बंद. पार्सल गेटजवळच्या निळ्या पिंपात. लिफ्टची बटणं टूथपिकने दाबावीत, वापरलेली टूथपिक पुन्हा डबीत ठेवू नये. खाली लिहिलेलं, ‘आदेशावरून’. कोणाच्या आदेशावरून, असं विचारणाऱ्याचा मेंटेनन्स हमखास थकलेला निघतो.

२०२० मध्ये सरकारने मुभा दिल्यानंतरही कित्येक सोसायट्यांनी घरकामगार बायकांना गेटवर अडवलं. परस्पर नियम करू नका, असं शेवटी सरकारला सांगावं लागलं. प्रतिबंधित क्षेत्र ठरवायचं काम प्रशासनाचं, सोसायटीच्या कमिटीचं नव्हे. पण असल्या बारकाव्यांनी गेटचं पावित्र्य बिघडतं. तुम्ही मावशींना उन्हात उभं करा, त्यांच्या कपाळावर ताप मोजायची बंदूक रोखा, आणि त्याच वेळी सी विंगच्या साहेबांचे पत्त्यांचे तीन भिडू मागच्या फाटकातून आत घ्या. मावशी आल्या नाहीत म्हणून महिन्याचा पगार कापायला मात्र विसरू नका. येऊ आपणच दिलं नाही, हा मुद्दा तांत्रिक आहे.

तिसऱ्या मजल्यावर एखादी नर्स भाड्याने राहत असेल तर तिच्यासाठी सायंकाळी थाळ्या वाजवा आणि रात्री तिच्या घरमालकाला फोन करून खोली रिकामी करायला सांगा. साथरोग कायद्यात एप्रिल २०२० मध्ये दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्याला राहणं किंवा काम करणं अवघड होईल असा छळ करणं, ही त्यात हिंसाच धरली आहे. शिक्षा तीन महिने ते पाच वर्षं, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख दंड. मूळ कायदा १८९७ चा, मुंबईतल्या प्लेगच्या वेळचा, अवघ्या चार कलमांचा. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घराघरांत घुसत होते. त्याचा संताप कुठवर गेला, ते आपण शाळेत शिकलोय. आता घरात डोकवायला गोरा साहेब लागत नाही, खजिनदार पुरतो.

रुग्णाच्या दारावर पोस्टर चिकटवायचीही हौस भागवून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० ला सांगितलं होतं की आपत्ती कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा तसा निर्देश नसेल तर असं पोस्टर लावायचं नाही. पण न्यायालय कुठे आपल्या लिफ्टने येतं?

बाहेर पडायचं म्हणाल तर सासऱ्यांची तीन वर्षांपूर्वीची बीपीची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत कायम खिशात असू द्या. अंतराची चिंता नको. जून २०२० च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरा असं फर्मावलं आणि हजारो गाड्या जप्त केल्या. काही दिवसांतच तो आकडा गेला. एप्रिल २०२१ मध्ये गाड्यांना रंगीत गोल स्टिकर आले: डॉक्टरांना लाल, भाजीपाल्याला हिरवा, बाकी अत्यावश्यकांना पिवळा. आठवड्याभरात तेही गेले, कारण अख्खी मुंबईच अत्यावश्यक निघाली. (इथे सरकारलाही चार शब्द ऐकवायला हरकत नाही. ज्या नियमाची शाई वाळायच्या आत तो बदलतो, तो पाळायचा तरी कसा?) लग्नाला त्या वेळी पंचवीस माणसं आणि दोन तास, मोडल्यास पन्नास हजार दंड. आपल्याकडे दोन तासांत रुसलेल्या आत्याबाईसुद्धा मांडवात येत नाहीत. तेव्हा पंचवीसच्या चार पंगती बसवा आणि प्रत्येक पंगतीला हाच कार्यक्रम पहिला असल्याचं सांगा.

हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का असेल तर फुल बाह्यांचा शर्ट घाला. मार्च २०२० मध्ये असे शिक्केवाले प्रवासी गरीबरथाने निघाले आणि पालघरला उतरवले गेले. शिक्क्याला निवडणुकीची शाई वापरली होती, पुसून जाईना. मतदानानंतर तेच बोट मिरवत फोटो काढणारे आपण, मनगटावरची शाई मात्र लपवली.

नाक्यावर पोलिसाने अडवलं तर मार्ग दोनच. एक, ‘मी कोण आहे माहीत आहे का?’ दुसरा, कान धरून उठाबशा. उठाबशांची शिक्षा कुठल्याच कलमात नाही आणि एकट्या माणसाला धडा म्हणून काठी मारायचीही नाही, पण उठाबशा काढल्याचा व्हिडिओ छान येतो. मधला मार्ग अगदीच बेचव आहे. तोंडावरचा रुमाल ओला करून सकाळपासून उन्हात उभ्या असलेल्या त्या हवालदाराला खरं कारण सांगायचं, कागद दाखवायचा, दंड भरलाच तर पावती मागायची, गाडी घेतली तर पंचनाम्याबद्दल विचारायचं, अटक झाली तर कारण विचारायचं आणि घरी कळवायला लावायचं. यात कोणाचाच आवाज चढत नाही, म्हणून हा मार्ग आपल्याकडे चालत नाही.

जुन्या दंड संहितेच्या १८८ कलमात साध्या आदेशभंगाला एक महिना कैद किंवा दोनशे रुपये दंड होता. तेवढ्यात हल्ली दोघांचा नाश्ता होत नाही. नव्या न्याय संहितेच्या २२३ मध्ये सहा महिने किंवा अडीच हजार, आणि जिवाला धोका झाला तर एक वर्ष किंवा पाच हजार. कलमात ‘आदेश माहीत असूनही’ असे शब्द आहेत. मग आम्ही वाचलाच नाही, असं म्हणायचा मोह होईल. पण रिक्षावर भोंगा लावून तो गल्लीतून तीनदा फिरला असेल, तर न्यायाधीशांसमोर ते पटवणं जड जातं.

आदेश चुकीचा वाटला तर काढणाऱ्याकडेच तो बदला किंवा रद्द करा असा अर्ज देता येतो. त्याला म्हणणं ऐकावं लागतं आणि अर्ज फेटाळला तर कारणं लेखी द्यावी लागतात. आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, वाढवायचा तर राज्य सरकारला वाढवावा लागतो. असे आदेश प्रसिद्ध करा, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच बजावलं आहे. पण अर्ज करायचा तर आदेश वाचावा लागेल, आणि आपलं तर पहिलंच पथ्य मोडेल. त्यापेक्षा गॅलरीतून ओरडा.

आणि गुन्हा नोंदला गेलाच तर पासपोर्टच्या चौकशीपर्यंत विसरून जा. मागच्या खेपेला १८८ चे खटले मुलांच्या नोकरीच्या आणि पासपोर्टच्या पडताळणीत आडवे येऊ लागले, तेव्हा २०२२ मध्ये सरकारने ते मागे घ्यायचं ठरवलं. पुढच्या वेळीही घेतीलच, असं धरून चला. दाखल झालेला खटला मागे घ्यायला न्यायालयाची संमती लागते, हे तुम्हाला वकील सांगतील. त्याची फी दोनशे नाही.