व्हॉल्टेअर पाठवताना घ्यायची काळजी

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर व्हॉल्टेअरचं एखादं वाक्य टाकायचं असेल, तर नावापासून सुरुवात करू. व्हॉल्टेअर म्हणा, व्हॉल्तेर म्हणा, व्होल्टेर म्हणा. कोणी चूक काढलीच तर शांतपणे सांगायचं, की ते मुळात त्याचं नावच नव्हतं. पॅरिसमध्ये १६९४ साली जन्मलेला हा फ्रेंच लेखक-विचारवंत, मूळचा फ्रान्स्वा-मारी आरुए. राजप्रतिनिधीची टवाळी करणाऱ्या कविता केल्या म्हणून बॅस्टिलच्या तुरुंगात अकरा महिने बसला आणि त्या सुमारास त्यानं हे नवं नाव घेतलं. एवढं ऐकलं की चूक काढणारा गार होतो. ही एक माहिती पाठ ठेवलीत तर पुढे त्याचं काही वाचायची गरज पडत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

आता वाक्यांकडे वळू. बाजारात सगळ्यात जास्त चालणारं वाक्य तुम्हाला ठाऊकच आहे: ‘तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण ते मांडायच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणानं लढेन.’ हे वाक्य अगदी निर्धास्तपणे वापरा, कारण ते व्हॉल्टेअरचं नाही. १९०६ साली एव्हलिन बिॲट्रिस हॉल या इंग्रज बाईंनी त्याच्याविषयीच्या पुस्तकात ते लिहिलं, तेही एस. जी. टॅलेंटायर असं टोपणनाव घेऊन. एल्व्हेसियस नावाच्या लेखकाचं पुस्तक १७५९ साली पॅरिसमध्ये जाळण्यात आलं, त्यावर व्हॉल्टेअरची एकंदर वृत्ती काय होती ते बाई सांगत होत्या. ओघात अवतरणचिन्हं पडली आणि काम झालं. शब्द माझे आहेत असं बाईंनी पुढे सांगितलंही, पण तोवर वाक्य लांब गेलं होतं. आपल्याकडे कोणत्याही चार ओळींना शेवटी ‘तुका म्हणे’ जोडायची जी सोय आहे, तीच ही.

हे वाक्य कसं वापरावं याचं प्रात्यक्षिक मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी पाण्याच्या टाकीच्या खर्चाची पावती मागितली. अध्यक्ष उठले, चष्मा पुसला, म्हणाले, ‘‘ताई, व्हॉल्टेअरनं म्हटलंय, तुमचं मत मला मान्य नसलं तरी...’’ आणि पूर्ण वाक्य, हातवाऱ्यांसकट. टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच सचिवांनी बाईंच्या हातातला माईक अलगद घेतला, वायर गुंडाळली आणि बटाटेवडे गरम आहेत अशी घोषणा केली. पावती अजून मिळालेली नाही. ताईंच्या हक्कासाठी अध्यक्ष मात्र अजूनही प्राण द्यायला तयार आहेत, मी मागच्याच रविवारी विचारून घेतलंय.

दुसरं एक वाक्य जरा झणझणीत आहे: ‘तुमच्यावर राज्य कोण करतं हे जाणून घ्यायचं असेल, तर टीका कोणावर करता येत नाही ते पाहा.’ सरकार कोणाचंही असो, विरोधकांना हे फार उपयोगी पडतं. सत्ता बदलली की माणसं बदलतात, वाक्य तेच राहतं. तेही व्हॉल्टेअरचं नाही. १९९३ साली एका अमेरिकी गोऱ्या वंशवाद्याच्या लेखातून ते आलं आणि त्याचा रोख ज्यूंवर होता. स्वतः व्हॉल्टेअरनंही ज्यूंबद्दल बरंच वाईट लिहिलेलं आहे, पण त्याची पापं त्याच्याकडे पुरेशी आहेत, दुसऱ्याची कशाला गळ्यात बांधायची? असो. तुम्ही फोटोखाली नाव टाका आणि पुढे चला. नाव ठरत नसेल तर साधा नियम आहे: वाक्यात पाऊस असेल तर वपु, सत्ता असेल तर व्हॉल्टेअर.

आता खरीखुरी वाक्यं. यांना धोका जास्त, कारण त्यांच्या मागेपुढे मजकूर असतो. म्हणून अर्धंच घ्यावं. ‘देव नसता तर तो शोधून काढावा लागला असता’ हे वाक्य त्याच्या एका पद्यातलं. नास्तिक मित्र हे पाठवून म्हणतात, बघा, देव माणसानंच बनवला. आस्तिक मित्र तेच पाठवून म्हणतात, बघा, एवढ्या मोठ्या विचारवंतालाही देव लागला. दोघंही एकमेकांच्या पोस्टवर अंगठा दाखवतात आणि ग्रुपवर शांतता नांदते. आता यात कोणी मध्येच सांगू नये, की हे पद्य मोझेस, येशू आणि मोहम्मद या तिघांना भोंदू ठरवणाऱ्या पुस्तकाच्या लेखकाला उद्देशून होतं आणि व्हॉल्टेअर त्यात नास्तिकाशीच भांडत होता. तो चर्चवर तुटून पडायचा, पण देव त्याला हवा होता. जिनिव्हाजवळच्या फेर्ने या गावी तो राहायचा, तिथे त्यानं स्वतःच्या खर्चानं चर्च बांधलं आणि वर कोरलं: ‘देवासाठी, बांधणारा व्हॉल्टेअर’. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणाऱ्याचं नाव असतं, पंखा फिरला की देव आणि देणगीदार दोघंही दिसेनासे होतात. दगडात कोरलेलं त्यापेक्षा टिकतं.

त्याच्याच एका संवादातलं पात्र म्हणतं, माझा वकील, माझा शिंपी, माझे नोकर, इतकंच काय माझी बायकोसुद्धा देव मानणारी असावी, म्हणजे चोऱ्या आणि फसवणूक जरा कमी होईल. हे वाक्य मात्र पाठवू नका. कामवाल्या मावशींनी गुरुवार धरला की तुम्हाला जे बरं वाटतं, ते इतक्या उघड लिहायचं नसतं.

ऑफिसात वापरायचं वाक्य वेगळं. ‘या देशात अधूनमधून एखादा ॲडमिरल मारलेला बरा असतो, बाकीच्यांना हुरूप येतो.’ टार्गेट चुकलेल्या माणसाला घरी पाठवताना वरिष्ठ हे हसत हसत म्हणतात, आणि आपण भारी काही बोललो म्हणून मान हलवतात. मिनोर्का बेट वाचवता आलं नाही म्हणून इंग्रजांनी आपल्याच ॲडमिरल बिंगला १४ मार्च १७५७ रोजी पोर्ट्समथला जहाजाच्या डेकवर गोळ्या घातल्या. व्हॉल्टेअरनं त्याला वाचवायचा प्रयत्न केला होता, बिंगनं कसूर केली नाही असं खुद्द फ्रेंच सेनापतीचं पत्र मिळवून पाठवलं होतं. उपयोग झाला नाही, तेव्हा त्याच्या ‘कांदीद’ या कादंबरीत हे वाक्य आलं. म्हणजे मुळात ती चीड आहे. पण एच.आर.च्या स्लाइडवर चीड बसत नाही, हुरूप बसतो.

‘कांदीद’चं शेवटचं वाक्य तर गच्चीवर बाग करणाऱ्यांनी केव्हाच ताब्यात घेतलंय: ‘आपल्याला आपल्या बागेची मशागत करायला हवी.’ खाली जास्वंदाचा फोटो, आणि कोकोपीट कुठून मागवलं याची लिंक. हे वाक्य म्हणायला कथानायक कांदीदला लिस्बनचा भूकंप, दोन सैन्यांची कत्तल आणि धर्मन्यायालयाचे फटके एवढं सगळं खावं लागलं, पण तुम्ही थेट बागेत शिरू शकता. मतदानाच्या दिवशी लोणावळ्याला जाणाऱ्यांनाही हे वाक्य उत्तम शोभतं. त्याच पुस्तकात सुरिनाममधला एक गुलाम भेटतो. उसाच्या चरकात बोट अडकलं म्हणून हात तोडलेला, पळायला गेला म्हणून पाय तोडलेला. तो म्हणतो, ‘तुम्ही युरोपात साखर खाता ती या किमतीत.’ हे वाक्य सकाळच्या चहाबरोबर अजिबात पाठवू नये. आपल्याकडे तर कारखान्यांचा पट्टा आहे. कोणाला मुकादम आठवतो, कोणाला उचल, कोणाला बीडच्या बायका, आणि नसते हिशेब निघतात.

नावाचं काय करायचं, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. इथे मात्र गुरूचं अनुकरण करा. ‘कांदीद’ १७५९ साली निघालं ते लेखकाच्या नावाशिवाय, आणि व्हॉल्टेअरनं कानावर हात ठेवले. १७६४ साली त्याचा ‘तत्त्वज्ञानकोश’ आला तेव्हा त्यानं मित्राला कळवून ठेवलं, की धोका दिसला रे दिसला की सांग, म्हणजे मी माझ्या नेहमीच्या निरागसपणानं वर्तमानपत्रांतून तो नाकारतो. आपण याला ‘फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड’ म्हणतो. फरक थोडासाच आहे. १ जुलै १७६६ रोजी आबव्हील गावात शव्हालिए द ला बार नावाच्या विशीच्या पोराचं डोकं उडवण्यात आलं. धार्मिक मिरवणूक जाताना टोपी काढली नाही, चावट गाणी म्हटली, असे गुन्हे. त्याच्या खोलीत ‘तत्त्वज्ञानकोश’ सापडला होता, तो त्याच्या देहाबरोबर चितेवर टाकला. व्हॉल्टेअर तेव्हा घाबरून काही दिवस स्वित्झर्लंडात जाऊन राहिला. तुम्हाला फार तर ग्रुपवरून भाऊजींचा फोन येईल.

यावरून मी मूळ मुद्द्यावर येतो. व्हॉल्टेअरची नक्कल कुठपर्यंत करायची, ते ठरवून घ्या. तुलूझ शहरातला झां कालास हा प्रोटेस्टंट कापडव्यापारी घ्या. ऑक्टोबर १७६१ मध्ये त्याचा थोरला मुलगा दुकानात गळफास लागून मेलेला सापडला. गावात कुजबुज सुरू झाली, की पोरगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानंच मारला. कुजबुजीचं कीर्तन झालं, कीर्तनाचा खटला झाला, आणि १० मार्च १७६२ रोजी साठी ओलांडलेल्या कालासची हाडं चाकावर मोडून त्याला मारण्यात आलं. शेवटपर्यंत तो म्हणत राहिला, मी केलं नाही.

बातमी फेर्नेला पोचली तेव्हा व्हॉल्टेअरनं काय केलं? विनोद केला. आपण कॅथलिक काही फार चांगले नसू, पण हे प्रोटेस्टंट आमच्याही पुढचे निघाले, अशा अर्थाचं खवचट पत्र लिहिलं. इथपर्यंत तो अगदी आपल्यातला आहे. बातमी आली, विशिष्ट समाजाची होती, आपल्याला आधीपासून वाटतच होतं, दोन ओळी टाकल्या, चार हसरे चेहरे आले, विषय संपला. तुम्ही इथेच थांबा.

कारण तो थांबला नाही. त्याला शंका आली. त्यानं कालासच्या धाकट्या मुलाला गाठलं, व्यापाऱ्यांना पत्रं टाकली, पॅरिसचे वकील उभे केले, कालासच्या विधवेला राजधानीत नेऊन ठेवलं, स्वतःच्या खिशातून पैसे घातले आणि १७६३ साली सहिष्णुतेवर अख्खं पुस्तक लिहिलं. तीन वर्षं गेली. ९ मार्च १७६५ रोजी कालास निर्दोष ठरला, राजानं कुटुंबाला ३६,००० लिव्र दिले. म्हातारा सत्तरीचा होता तेव्हा. इतका खटाटोप करून त्यातून एकही धड सुविचार निघाला नाही, जो पिवळ्या पार्श्वभूमीवर मावेल. आपला पहिला विनोद चुकला हे कबूल करायचं म्हणजे आधी तपास करावा लागतो, आणि तपासाला रेंज असून भागत नाही. तेव्हा सत्तरीतल्या व्हॉल्टेअरच्या नादी लागू नका, पहिल्या पत्रातला बरा.

शेवटी खास आपल्या उपयोगाचं एक वाक्य देतो, आणि हे शंभर टक्के त्याचं आहे. १५ डिसेंबर १७७५ रोजी बाय्यी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला त्यानं लिहिलं: ‘माझी खात्री झाली आहे, की आपल्याकडे सगळं गंगेच्या काठावरून आलं. खगोल, ज्योतिष, पुनर्जन्म, सगळं.’ मिळालं ना? बाकी सगळी वाक्यं विसरा. इतकी वर्षं ज्याला नास्तिक, पाश्चात्त्य आणि आगाऊ म्हणत होतात, तो एका रात्रीत आपला होतो. हे लगेच टाका, जमलं तर तिरंग्यासह.

अर्थात ग्रुपवर एखादा पुतण्या असतोच. तो विचारील, की काका, याच व्हॉल्टेअरला एकदा पाँडिचेरीकडून एक हस्तलिखित आलं होतं ना, ‘एझूरवेदम’? त्याला वाटलं, आहाहा, बायबलहून जुना एकेश्वरवादी भारतीय ग्रंथ. त्यानं ते मोठ्या अभिमानानं १७६१ साली फ्रान्सच्या राजाच्या ग्रंथालयात दिलं, चर्चच्या विरोधात पुरावा म्हणून वापरलं. आणि ते निघालं मिशनऱ्यांनीच रचलेलं, हिंदूंना मूर्तिपूजेतून बाहेर काढायला! म्हणजे सगळ्या युरोपला प्रश्न विचारायला शिकवणारा माणूस एका फॉरवर्डला फसला, कारण त्याला हवं होतं तेच त्यात लिहिलं होतं. मग काका, आपण...

इथे त्याला वाक्य पुरं करू देऊ नका. ॲडमिन तुम्हीच आहात. नावावर बोट दाबून धरा, यादी उघडते, त्यात तळाशी ‘काढून टाका’ असं येतं. ते झालं की लगेच ‘तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण...’ हे पूर्ण टाका, खाली व्हॉल्टेअर आणि हात जोडलेले. फक्त एक. काढण्याआधी कोजागरीच्या मसाला दुधाची वर्गणी त्याच्याकडून मागून घ्या. नंतर फार अवघड जातं.