आपली शाळा हायटेक कशी करावी

गेल्या आठवड्यात आणखी एका जिल्हा परिषद शाळेत ७५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटाने चालणारा मोठा स्क्रीन, बसलं. फीत कापून झाली, पेढे वाटून झाले, फोटो ग्रुपवर पडला. पॅनेल मात्र अजून सुरू व्हायचंय, कारण ते उघडायचा पिन नंबर बसवायला आलेल्या पोराकडेच राहिला आणि ते पोर फोन उचलत नाही. असं भाग्य आपल्याही गावाला लाभावं, म्हणून सरपंच, शाळा व्यवस्थापन समिती आणि दानशूर माजी विद्यार्थी यांच्यासाठी हे चार शब्द.

खरेदी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात करा. निधी परत जाईल या धास्तीने घेतलेल्या मालाची चवच न्यारी.

पॅनेल उंच बसवा. पहिलीतलं पोर साधारण ११० सेंटिमीटर, टाचा उचलून हात ताणला तर १४० पर्यंत पोचतं. म्हणून खालची कड चार फुटांवर घ्या. मुलांच्या वाट्याला तळाची वीतभर पट्टी येते, वर कोणी बोट लावत नाही आणि हार घालायलाही सोपं जातं. समोर खिडकी असेल तर दुधात साखर. दुपारच्या धड्यात सगळ्या वर्गाला बाहेरचं लिंबाचं झाड दिसतं.

फळा शेजारीच राहू द्या आणि खडू सढळ हाताने वापरा. या पॅनेलच्या चौकटीतून इन्फ्रारेड किरण जातात, बोटाने ते अडले की त्याला स्पर्श कळतो. कडेच्या खाचेत खडूची भुकटी साचली की तीही त्याच्या लेखी बोटच. मग पाढे चालू असताना कोणी हात न लावता पान उलटतं. आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने कड पुसली की हे थांबतं, म्हणून ते काम कोणालाही नेमून देऊ नका.

विजेचा विषय काढूच नका. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं धरून चाला. भोकामागे वायर जोडलीय का, हे कोण बघतं? खड्डा खणून कोळसा-मीठ घालून प्लेट पुरायला चार-पाच हजार लागतात, पण खड्ड्याची फीत कापता येत नाही ना! मग चौकटीला हात लावला की झिणझिण्या येतात, पोरं भितात, गुरुजी प्लग काढून ठेवतात. इन्व्हर्टरचंही तेच. १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी, १२ व्होल्ट, म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, उरले ९००. पॅनेल २५० वॉट खाणार, इन्व्हर्टर आपला वाटा घेणार, म्हणजे फार तर तीन तास. त्याच लाइनवर तुम्ही ऑफिसचा पंखा आणि प्रिंटर जोडता. मे महिन्यात बॅटरी अर्धी उतरलेली सोडून कुलूप लावता, डिस्टिल्ड वॉटर कोणी बघत नाही, प्लेटांवर सल्फेट धरतं आणि जूनमध्ये ओरड, की बॅटरी डुप्लिकेट निघाली. डुप्लिकेट नाही निघाली हो, तुम्ही मारलीत ती! आणि बिल? समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान ३१ ते १०० पटाला वर्षाला २५,००० रुपये, ३० पर्यंत पट असेल तर १०,०००. त्यातले १० टक्के स्वच्छतेला, बाकीच्यात खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल. ते हातात कधी पडतं, ते तुमच्या मुख्याध्यापकांनाच विचारा. तोवर बिल गुरुजींच्या खिशातून, नाहीतर वायरमन येऊन लाइन तोडतो. मग त्या पॅनेलवर फडकी वाळत घाला.

कंटेंट, म्हणजे पॅनेलवर दाखवायचे धडे, वर्षभराच्या लायसन्सचाच घ्या. २०२५-२६ पासून पहिलीचं पुस्तक बदललं, तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये जुनंच आहे, नव्यासाठी रिन्यूअल भरा. सरकारचं दीक्षा ॲप २०१७ पासून आहे, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापलेत, एकदा डाउनलोड केलं की नेटशिवाय चालतं. पण फुकटच्या वस्तूला तीन कोटेशनं कशी मागवणार?

प्रशिक्षण चहा निवायच्या आत उरका.

टायपिंग शिकवू नका. 'एआय' आणि 'कोडिंग' लिहिलेला फ्लेक्स पुरे.

एवढं करूनही एखाद्या बाईंनी पॅनेल लावलंच, तर लगेच ग्रुपवर लिंक टाका: आधार, अपार (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), यूडायस (शाळांची सरकारी माहिती-नोंद), काहीही. 'अतितात्काळ, आज दुपारी २ पर्यंत.' वर्ग आपोआप थांबतो.

बास, चेष्टा पुरे. पोरांसाठी घेता की पेपरातल्या फोटोसाठी? सहावीतल्या मुलीला स्वतःचं नाव मराठीत टाइप करता येत नाही आणि तुम्ही भविष्याच्या गप्पा मारता. पॅनेलवर घालता त्याच दीड लाखात ४३ इंची साधा टीव्ही, नीट अर्थिंग, बॅटरी-इन्व्हर्टर आणि सात-आठ टॅबलेट येतात. टॅबलेट पोरांच्या हातात जातात, फुटला तर एक फुटतो, शाळा बंद पडत नाही. पॅनेलच हवं असेल तर खालची कड गुडघ्याच्या थोडी वर घ्या, तीन वर्षांची जागेवरची दुरुस्ती करारात लिहून घ्या आणि शिक्षकांनी महिनाभर वापरून सही केल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका. शाळेचं वीजबिल कोण भरणार, हे ग्रामसभेत ठरेपर्यंत तर खरेदीचा विषय मांडूच नका.