खुलासा : आठवड्याच्या कोर्सने पॅरामेडिक होता येत नाही

'प्रथमोपचाराचा आठवड्याचा कोर्स करा, गाडी चालवायचा परवाना काढा आणि अॅम्ब्युलन्सवर पॅरामेडिक व्हा' असा मेसेज सध्या फिरतोय. पॅरामेडिक म्हणजे रुग्णालयात पोहोचण्याआधी रुग्णाला तातडीचे उपचार देणारा प्रशिक्षित माणूस. हा मेसेज चुकीचा आहे. त्यावर विसंबून कुणी पैसे भरू नयेत, म्हणून हे कळकळीने लिहितोय.

प्रथमोपचार सगळ्यांनी शिकावा. हृदय बंद पडलेल्या प्रौढाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची, हे पुतळ्यावर एका दिवसातही शिकता येतं. पॅरामेडिकचं काम तिथून पुढे सुरू होतं. एकच औषध घ्या, अॅड्रेनॅलिन. हृदय बंद पडलेल्या प्रौढाला ते १ मिलिग्रॅम, शिरेतून. तीव्र अॅलर्जीत मात्र अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. इथे मात्रा किंवा मार्ग चुकला तर औषधच जिवावर उठतं. हा निर्णय जिन्यात, अंधारात, नातेवाईक रडत असताना घ्यायचा असतो.

म्हणूनच बऱ्याच देशांत हे शिक्षण दोन ते चार वर्षांचं असतं. शरीररचना, औषधशास्त्र, ईसीजी वाचणं, श्वासमार्ग मोकळा ठेवणं, बाळंतपण. शिवाय रुग्णालयात आणि अॅम्ब्युलन्सवर अनुभवी माणसाच्या नजरेखाली प्रत्यक्ष काम. धावत्या गाडीत शीर सापडणं पुस्तकातून येत नाही.

गाडी चालवण्याचा परवाना काही ठिकाणी लागतो, ते खरं. पण प्रवेश घेण्याआधी तो अभ्यासक्रम तुमच्याकडच्या नियामक परिषदेला (या शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकृत संस्थेला) मान्य आहे का, हे थेट परिषदेकडेच विचारा.