४० थेंब रक्ताचा हिशेब

लालबागच्या आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक फॉरवर्ड पडला. मजकूर ओळखीचाच: ४० थेंब रक्त आटतं तेव्हा वीर्याचा १ थेंब होतो, तो वाया गेला की कंबर, नजर, स्मरणशक्ती सगळं जातं, लघवीतून 'धात' जाते ती त्याचीच खूण, राखून ठेवलं तर ते ओज होऊन मेंदूकडे चढतं, आणि नसबंदी केली की पुरुष संपला. ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही. रात्री एका पोराने वेगळा मेसेज केला, "काका, खरंय का हो?" पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीर्यतपासणीचे नमुने हाताळण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, म्हणून मला.

आधी हिशेबच मांडू. एका वेळी साधारण २ ते ५ मिली वीर्य बाहेर पडतं. ३ मिली धरा. चाळीसपट म्हणजे १२० मिली रक्त. मंडळाच्या शिबिरात आपण एका पिशवीला ३५० मिली देतो आणि मग ३ महिने पुरुषाचं रक्त पुन्हा घेत नाहीत. फॉरवर्ड खरा असता तर लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात नवरदेवाला रक्त चढवायला न्यावं लागलं असतं.

वीर्य रक्त आटवून बनत नाही. तोंडातल्या ग्रंथी जशी लाळ बनवतात, तशाच ग्रंथी इथे आहेत. निम्म्याहून बराच जास्त भाग येतो मूत्राशयामागच्या दोन शुक्राशयांतून. त्यात फ्रुक्टोज नावाची साखर असते, शुक्राणूंची शिदोरी. पाव-एक भाग पुरस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा. लॅबमध्ये नमुना आला की आम्ही लगेच काचपट्टीवर घेत नसू, कारण तो आधी जेलीसारखा असतो आणि अर्ध्या तासात पातळ होतो. ती किमया प्रोस्टेटच्या रसातल्या विकरांची. ज्याच्यासाठी एवढा बोभाटा, ते वृषणातून आलेले शुक्राणू आकारमानाने जेमतेम २ ते ५ टक्के.

वृषणांचं काम मात्र खरंच बघण्यासारखं आहे. एक शुक्राणू घडायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. मग तो वृषणाला चिकटलेल्या अधिवृषणात जातो. ही नळी उलगडली तर सुमारे ६ मीटर भरेल, आणि तिच्यातून जाताना त्याला पोहता येऊ लागतं. हे सगळं शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमानात व्हावं लागतं, म्हणून वृषणांची पिशवी बाहेर लोंबते; थंडीत आक्रसते, मे महिन्यात सैल पडते. एक बाजू दुसरीपेक्षा खाली असते, बहुतेकांची डावी. याला 'कमजोरी' ठरवून पैसे उकळणारेही मी पाहिलेत.

आता साठवणीचं. वृषणातून निघालेली नळी पोटात चढते, मूत्राशयाला वळसा घालते आणि मूत्रमार्गाला मिळते. मेंदूकडे जाणारा फाटा कुठेच नाही. न वापरलेले शुक्राणू शरीर मोडून जिरवतं, किंवा झोपेत बाहेर टाकतं. शुक्र हा शरीरातला सातवा धातू, म्हणजे घटक, ही आयुर्वेदाची जुनी मांडणी आहे, पण ती सूक्ष्मदर्शक येण्याच्या कितीतरी आधीची. तपासणीआधी २ ते ७ दिवसांचं अंतर ठेवायला सांगतात. त्याहून जास्त राखलं की मेलेले शुक्राणूच जास्त दिसतात. दाढीमिशी, स्नायू ज्याच्यावर चालतात ते टेस्टोस्टेरॉन तर वृषणातून थेट रक्तात जातं. ते वीर्याबरोबर वाहून जात नाही.

'धात' म्हणून जे पांढरं दिसतं ते पुष्कळदा लघवीतलं फॉस्फेट असतं, किंवा शौचाला जोर केल्यावर प्रोस्टेटमधून आलेला थोडा स्राव. पोरांना थकवा येतो तो खोटा नाही, पण तो धास्तीचा. मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० साली त्याला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. लोकलच्या डब्यात चिकटवलेले 'गुप्तरोग' वाले कागद याच धास्तीवर जगतात. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली याच मुंबईतून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून असल्या समजुतींशी भांडण मांडलं, अश्लीलतेचे खटले झेलले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. आणि आपण अजून थेंब मोजतोय.

नसबंदीचं दोन ओळीत: फक्त शुक्राणूंची नळी बंद होते. वीर्य जवळपास तेवढंच येतं, ताठरता आणि इच्छा तशीच राहते. मात्र सुमारे ३ महिने दुसरं साधन वापरून मग नमुना तपासून घ्यायचा.

त्या पोराला मी शेवटी एवढंच लिहिलं: वृषणात कडक गाठ लागली, लघवीत रक्त दिसलं, किंवा अचानक एका वृषणात असह्य कळ आली, तर केईएम, सायन, नायर, जे जवळ असेल तिथे जा. कळ असेल तर त्याच तासात, कारण पीळ पडला असेल तर वृषण वाचवायला मोजकेच तास असतात. बाकी, शिबिराला नाव लिहिलंस का?