वर्म वाईट की त्यांचं मूळ वाईट?

माशांना खाऊ म्हणून बारीक जिवंत कृमी, म्हणजे ‘वर्म’, घालतात आणि ते घरी डब्यातही वाढवता येतात. त्यांच्याबद्दल मासे पाळणाऱ्यांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. ‘टँकमध्ये जिवंत वर्म कधीही घालू नका. ते रोग आणतात, माशाचं पोट आतून पोखरतात, माशांना चरबी चढवतात, उरले की टँकभर पसरतात आणि त्यांचा डबा घरभर घाण वास सोडतो. पेलेटमध्ये (विकतच्या कोरड्या खाण्याच्या गोळ्यांमध्ये) सगळं असताना ही उठाठेव कशाला?’ यातलं काही खरं आहे, काही अर्धवट आणि काही निव्वळ ऐकीव. एका दमात म्हटल्यामुळे खऱ्याच्या आडून बाकीचंही खपून जातं.

आधी रोगाचं बघू. ही भीती आली ट्युबिफेक्समुळे, आणि तिथे ती रास्तच आहे. हे लाल, केसांसारखे बारीक कृमी सांडपाण्याच्या गाळात पोसतात. तिथून उपसून आणलेला पुंजका कितीही धुतला तरी त्यांच्या आतड्यातला गाळ आणि जिवाणू सोबत येतातच. ट्राउट आणि सामन या माशांची पिल्लं गरगर फिरू लागतात त्या व्हर्लिंग डिसीजचा परजीवी, मिक्सोबोलस सेरेब्रॅलिस, आपल्या जीवनचक्राचा एक टप्पा ट्युबिफेक्सच्या शरीरातच पार पाडतो. ही गोष्ट १९८०च्या दशकात उलगडली. आपल्या गप्पींना हा रोग होत नाही, पण गाळातला कृमी माशाचा रोग वाहू शकतो हे त्यातून पक्कं झालं.

आता ग्रिंडल वर्म या ओलसर मातीतल्या बारीक कृमींचा घरगुती डबा बघा. ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर चिमूटभर ओट्स, बंद झाकणाला बारीक भोकं. यात मासा नाही, माशाचं पाणी नाही, गाळ नाही. मग माशाचा परजीवी इथे पोचणार कसा? एकच वाट उरते, ती म्हणजे आपण स्वतः. टँकमध्ये बुडवलेला ड्रॉपर तसाच डब्यात घालणं किंवा टँकचं पाणी डब्यात शिंपडणं. तेवढं टाळलं आणि सुरुवातीचं कल्चर (वाढवायला आणलेले पहिले कृमी) स्वच्छ डब्यातून घेतलं, की रोगाचा मुद्दा जवळपास संपतो. संदेश लिहिणाऱ्याने गटारातला कृमी आणि डब्यातला कृमी एकाच पंक्तीला बसवले आहेत.

माशाच्या गुदद्वारातून लाल दोरे लोंबताना दिसले की हमखास वर्मवर खापर फुटतं. तो बहुधा कॅमलॅनस हा माशाच्या आतड्यात राहणारा परजीवी सूत्रकृमी (दोऱ्यासारखा कृमी) असतो, आणि तो बाधित माशांमधून किंवा सायक्लॉप्ससारख्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमधून येतो. पिल्लांना खाऊ घालायचे अगदी बारीक मायक्रोवर्म हेही सूत्रकृमीच, म्हणून गोंधळ होत असावा. पण मायक्रोवर्म आंबवलेल्या पिठातलं यीस्ट आणि जिवाणू खाऊन जगतात. माशाच्या आतड्यात ते फक्त पचतात.

पोट पोखरण्याबद्दल फार लिहायला नको. व्हाइट वर्म (ग्रिंडलचा मोठा भाऊबंद) किंवा ग्रिंडलला पोखरायला जबडाच नसतो. कुजकं, मऊ पडलेलं खाणारे जीव आहेत ते.

चरबीचा मुद्दा अर्धा खरा आहे. व्हाइट वर्म पौष्टिक आणि जड. लहान टँकमध्ये फारसा न हलणाऱ्या माशाला रोज दिले तर तो सुटणारच. वाढत्या पिल्लांना किंवा अंड्यांवर आणायच्या जोडीला भरपूर द्या, बाकीच्यांना आठवड्यातून एक-दोनदा पुरे. हा दोष वर्मचा नाही, खाऊ घालणाऱ्या हाताचा आहे.

टँकभर पसरण्याचं काय? ग्रिंडल आणि व्हाइट वर्म ओलसर मातीतले. गोड्या पाण्यात ते काही काळ तग धरतात, मग मरतात. खरा धोका हाच: न खाल्लेले वर्म कुजून अमोनिया वाढवतात. ब्लॅकवर्म मात्र अपवाद. तो पाण्यातलाच, आणि तुटला तर तुकड्यातून नवा होतो, त्यामुळे तो वाळूत बस्तान मांडू शकतो. तसा निरुपद्रवी असतो. काचेवर वळवळणारे पांढरे दोरे दिसले तर ते सहसा आधीपासून टँकमध्ये असलेले गाळकृमी असतात, जास्तीच्या खाण्यावर माजलेले.

‘पेलेटमध्ये सगळं असतं.’ असेलही, पण तोंडात गेलं तर ना! फायटर माशाची पोहायला लागलेली पिल्लं हलणाऱ्या वस्तूवरच झडप घालतात. फ्लेक्सची (कोरड्या खाण्याच्या पापड्यांची) पूड त्यांच्यासमोरून खाली जाते आणि तळाशी सडते. व्हिनेगर ईल (व्हिनेगरमध्ये वाढवलेले सूक्ष्म कृमी) पाण्याच्या मधल्या थरात दिवसेंदिवस पोहत राहतात, मायक्रोवर्म तळाशी जाऊन वळवळतात. कोणत्या पिल्लाला काय द्यायचं ते यावरून ठरतं. उलट बाजूही सांगायला हवी: नुसत्या पिठावर वाढलेल्या मायक्रोवर्ममध्ये लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्लं फारशी नसतात. पिल्लं जरा मोठी झाली की आर्टेमियावर (खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या, कोळंबीसारख्या जीवांवर) न्यायची. पेलेट विरुद्ध वर्म असा सामना लावण्यात अर्थ नाही.

राहिला वास. मायक्रोवर्मचा डबा आंबूस वास मारतोच, ते नाकारून चालणार नाही. काही आठवड्यांनी त्यातला चमचाभर नव्या पिठात घालून जुना डबा धुऊन टाकायचा. व्हाइट वर्मचा डबा घाण मारला तर त्याचं कारण बहुतेक वेळा उष्णता असते. त्यांना वीस अंशांच्या खालचा गारवा लागतो. खोली तापली की सगळे एकदम मरतात आणि जो वास येतो तो मेलेल्यांचा. गरम हवेत ग्रिंडल घ्या. खाणंही दिवसाभरात संपेल एवढंच टाका, नाहीतर बुरशी आणि माइट्स (अगदी बारीक किडे) होतात.

आणि डब्यातला लगदा चमच्याने उपसून थेट टँकमध्ये ओतू नका. ग्रिंडलच्या खाण्यावर काचेची किंवा प्लास्टिकची पट्टी ठेवा. वर्म तिच्या खालच्या बाजूला जमतात, ते पाण्यात धुऊन घ्या. मायक्रोवर्म डब्याच्या भिंतींवर आपणच चढतात, बोटाने पुसले की झालं. व्हिनेगर ईलसाठी लांब मानेची बाटली: मानेच्या तळापर्यंत व्हिनेगर, त्यावर फिल्टरच्या कापसाचा बोळा, वर क्लोरीन नसलेलं साधं पाणी. ऑक्सिजनसाठी ईल बोळ्यातून वर येतात, आणि काही तासांनी ड्रॉपरने नुसते ईलच उचलता येतात.