क्रमवारी लावली की उतार येणारच?

मी एका उतरत्या यादीच्या आलेखाखाली ‘हा घातनियम आहे’ असं लिहिलं होतं. घातनियम (power law) म्हणजे आकडा क्रमांकाच्या ठरावीक घाताच्या प्रमाणात घसरतो: वरचे थोडे प्रचंड मोठे, बाकीचे बारके. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कुठलीही यादी उतरत्या क्रमाने लावली की आलेख उतरणारच, त्यात ‘घातनियम’ कसला? आणि जे वर आहे ते चांगलं आहे म्हणूनच वर आहे.

पहिलं अर्धं मान्य. उतार क्रमवारीमुळे येतो, पण तो किती तीव्र हे क्रमवारी ठरवत नाही. माणसांच्या उंचीची यादी लावून बघा. नोंद झालेला सर्वांत उंच माणूस २७२ सेंटिमीटरचा, म्हणजे सरासरीच्या दुप्पटही नाही. उलट मोठ्या मजकुरातले शब्द मोजले, तर पहिला शब्द शंभराव्याच्या कैक पट वेळा आलेला असतो.

हे होतं कसं? अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५५ मध्ये मांडलेली कल्पना माझी लाडकी आहे. मजकूर लिहायला घ्या. दहातून एकदा कोरा करकरीत नवा शब्द लिहा. उरलेल्या नऊ वेळा डोळे मिटून आधीच्या मजकुरावर बोट ठेवा आणि बोटाखाली येईल तोच शब्द पुन्हा लिहा. पन्नास वेळा आलेला शब्द सापडायची शक्यता पाच वेळा आलेल्याच्या दसपट. बस, एवढंच! एकाही शब्दात काही गुण नाही, तरी शेवटी मोजदाद केली की घातनियम हजर. मात्र नव्यांची भरती थांबवलीत तर तो मिळत नाही. हे बरेचजण विसरतात.

गुणवत्तेचं काही चालत नाही, असं मी म्हटलेलं नाही. २००६ मध्ये साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी १४ हजारांहून अधिक लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली. लोकांचे आठ गट केले. प्रत्येकाला फक्त आपल्या गटातले डाउनलोडचे आकडे दिसत. आणखी एका गटाला आकडे दिसतच नव्हते. त्या गटाच्या पसंतीत २६वं आलेलं गाणं एका गटात पहिलं आलं, दुसऱ्यात चाळिसावं. अगदी उत्तम गाणी सहसा आपटली नाहीत, एवढा तुमचा मुद्दा खरा.

खरं तर तुम्ही मला भलतीकडे पकडलंत. माझी चूक वेगळीच आहे: लॉग-लॉग आलेखावर (दोन्ही अक्षांवर समान अंतराला समान पट वाढ) रेघ सरळ दिसली आणि मी घातनियम जाहीर करून टाकला. लॉगनॉर्मल वितरणही (ज्यात आकड्यांचे लॉग घंटेच्या आकारात पसरतात) बऱ्याच टप्प्यात तशीच रेघ दाखवतं, नुसत्या नजरेने फरक कळत नाही. आलेखाखालचं वाक्य बदलून ‘शेपूट जड आहे’, म्हणजे फार मोठे आकडे अगदीच दुर्मीळ नाहीत, एवढंच ठेवतोय.